रेको डिक खाण विवाद

रेको डिक खाण विवाद हा पाकिस्तान सरकार व टेथियान कॉपर कंपनी यांच्यातील खाण हक्कांविषयीचा आंतरराष्ट्रीय कायदेशीर वाद होता. रेको डिक हे बलुचिस्तानच्या चागई जिल्ह्यातील तांबे व सोन्याच्या साठ्यांचे क्षेत्र आहे. ऑस्ट्रेलियात नोंदणीकृत असलेल्या टेथियानची मालकी कॅनडाची बॅरिक गोल्ड व चिलीची अँटोफगास्टा यांच्याकडे होती. नोव्हेंबर २०११ मध्ये प्रांतिक सरकारने तिचा खाणपट्ट्यासाठीचा अर्ज फेटाळला. कंपनीने ऑस्ट्रेलिया-पाकिस्तान गुंतवणूक कराराच्या आधारे जागतिक बँक समूहाच्या गुंतवणूक विवाद निवारण केंद्राकडे दाद मागितली. जानेवारी २०१३ मध्ये पाकिस्तानच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९३ चा मूळ करार अवैध ठरवला. तरीही जुलै २०१९ मध्ये लवादाने पाकिस्तानला व्याजासह सुमारे ५.८ अब्ज डॉलर भरपाई देण्याचा आदेश दिला. त्याच महिन्यात आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने पाकिस्तानला मंजूर केलेले कर्ज सुमारे ६ अब्ज डॉलरचे होते. अखेर २०२२ मध्ये तडजोड झाली. तीनुसार अँटोफगास्टा प्रकल्पातून बाहेर पडली. बॅरिककडे ५० टक्के, तर बलुचिस्तान सरकार व पाकिस्तानच्या सरकारी कंपन्या यांच्याकडे प्रत्येकी २५ टक्के हिस्सा आला.