राजधानीच्या शिवाराची शाळा

मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी काही लिहून द्यावे, असा संपादक मंडळाचा आग्रह झाला तेव्हा प्रथम पानिपत, महादजी शिंदे, लाल किल्ला असे नेहमीचे विषय मनात येऊन गेले. दिल्लीतील मराठी माणूस इतिहास लिहावयास बसला म्हणजे त्याची लेखणी बहुधा त्याच वाटेने जाते. ती वाट थोरच आहे. परंतु या वेळी आम्ही थोडी आडवाट धरीत आहोत. ज्या भूमीवर आपण राहतो त्या भूमीला, म्हणजे तिच्यावर नांगर धरणाऱ्या लोकांना, गेल्या शंभर वर्षांत कोणी, काय आणि कसे शिकविले, व त्या शिकवणुकीचे पुढे काय झाले, याचा हा अल्पसा मागोवा आहे.

या विषयाकडे आम्ही वळलो त्याचे कारण घरगुती आहे. सरकारी निवासस्थानांत अनेक वर्षे काढल्यावर आम्ही गुडगावच्या बाजूस एका गृहसंकुलात सदनिका घेतली. संकुलाच्या कुंपणापलीकडे जुने गाव आहे. तेथील एका वृद्ध गृहस्थांशी सकाळी फिरताना ओळख झाली. एके दिवशी आमच्या इमारतीकडे काठी दाखवून ते म्हणाले, “बाबूजी, तुम्ही जेथे झोपता तेथे आमची मोहरी होती.” बोलण्यात तक्रार नव्हती, नुसती माहिती होती. पण ते वाक्य आमच्या मनातून गेले नाही.

खड्ड्याचा उपदेशक

१९२० साली फ्रँक लुगार्ड ब्रेन हे सनदी अधिकारी गुडगाव जिल्ह्याचे डेप्युटी कमिशनर म्हणून आले. त्या काळचा गुडगाव जिल्हा मोठा होता; आजचे फरिदाबाद, पलवल, नूह, रेवाडी हे सारे भाग त्यात मोडत. पाऊस कमी, जमीन रेताड, कर्ज फार आणि रोगराई नित्याची. सुमारे सात वर्षे हा गृहस्थ झपाटल्यासारखा खेडोपाडी हिंडला. त्याचा मुख्य उपदेश एका वाक्यात सांगता येईल : शेण जाळू नका, खड्ड्यात घाला. प्रत्येक घराने गावाबाहेर सहा फूट खोल खड्डा खणावा, घरचा केर, शेण, राख त्यात टाकावी, म्हणजे गाव स्वच्छ होईल आणि शेताला खत मिळेल. याखेरीज घरांना खिडक्या, सुधारलेले नांगर, चांगल्या जातीचे वळू, रहाटगाडगी आणि मुलींचे शिक्षण असा त्याचा मोठा कार्यक्रम होता. १९२५ साली गुडगावास त्याने ग्रामीण अर्थशास्त्राची शाळा काढली. मॅजिक लँटर्नची चित्रे, गाणी, जत्रा, बक्षिसे या सर्वांचा त्याने प्रचारासाठी उपयोग केला. १९२७ साली त्याचे ‘व्हिलेज अपलिफ्ट इन इंडिया’ हे पुस्तक निघाले आणि ‘गुडगावचा प्रयोग’ देशभर गाजला.

पुढे काय झाले? साहेबांची बदली झाली आणि खड्डे बुजू लागले. अधिकाऱ्याच्या धाकाने खणलेला खड्डा अधिकाऱ्याबरोबरच गेला. दुसरे कारण त्याहून खोल होते. गावच्या बाईने गोवऱ्या थापल्या नाहीत तर चूल कशावर पेटवावी, याचे पुरेसे उत्तर उपदेशकाजवळ नव्हते. त्या रेताड मुलुखात सरपणाची झाडे थोडी. शेण जाळण्यात अज्ञान नव्हते, गरज होती. शिकविणाऱ्याने शिकणाऱ्याची अडचण आधी समजून घ्यावी लागते, हा धडा गुडगावने दिला. तो सर्वांनी घेतला असे मात्र म्हणवत नाही.

इंदूरची शिकवण

योगायोग असा की, त्याच दशकात होळकरांच्या इंदुरात खताचाच प्रश्न वेगळ्या रीतीने हाताळला जात होता. अल्बर्ट हॉवर्ड हे वनस्पतिशास्त्रज्ञ १९०५ पासून बिहारातील पुसा येथील कृषी संशोधन संस्थेत होते. १९२४ साली ते इंदूरला आले. होळकर दरबाराने दिलेल्या जमिनीवर तेथे संशोधन संस्था उभी राहिली. हॉवर्ड यांचे वैशिष्ट्य असे की, त्यांनी हिंदी शेतकऱ्याला अडाणी न मानता गुरू मानले. पालापाचोळा, शेण, गोमूत्र शोषलेली माती व राख यांचे थर रचून, ठरावीक दिवसांनी ते उलथून, सुमारे तीन महिन्यांत उत्तम खत करण्याची त्यांची रीत ‘इंदूर पद्धत’ म्हणून जगभर प्रसिद्ध झाली. १९३१ साली ती पुस्तकरूपाने मांडली गेली, तेव्हा हॉवर्ड यांच्या नावाशेजारी सहलेखक म्हणून यशवंत वाड हे नाव छापलेले होते. हे आडनाव मराठी वाचकास परके वाटणार नाही. सेंद्रिय शेतीचे आद्य ग्रंथ म्हणून आज पाश्चात्त्य देशांत जी पुस्तके नावाजली जातात, त्यांतील एकाचा जन्म असा इंदूरच्या मातीत झालेला आहे.

इकडे १९३४ च्या जानेवारीत बिहारात प्रचंड भूकंप झाला व पुसाची संस्था उद्ध्वस्त झाली. १९३६ साली ती दिल्लीस हलविण्यात आली. येताना तिने आपल्या गावाचे नावही बरोबर आणले. आज दिल्लीकर ‘पुसा’ म्हणतात ती ही जागा. तोडापूर, दसघरा या गावांच्या शेजारी ती वसली. त्या वेळी तो शहराबाहेरचा भाग होता. आज चोहोबाजूंनी शहर आहे आणि मध्ये संस्थेची हिरवी शेते तेवढी उरली आहेत.

कृषिभवनातील मराठी माणसे

स्वातंत्र्यानंतर २ ऑक्टोबर १९५२ रोजी ५५ प्रकल्पांनिशी सामूहिक विकास योजना सुरू झाली आणि ग्रामसेवक हा शिक्षक म्हणून गावात गेला. त्याच वर्षापासून दहा वर्षे केंद्रीय कृषिखात्याची धुरा डॉ. पंजाबराव देशमुख या विदर्भपुत्राकडे होती. त्यांनी १९५५ साली भारत कृषक समाजाची स्थापना केली. १९५९ च्या डिसेंबरात दिल्लीत जागतिक कृषी प्रदर्शन भरले, त्यामागेही त्यांचीच जिद्द होती. शेतकऱ्याने दिल्ली पाहावी, जग पाहावे, आणि दिल्लीने शेतकऱ्याला पाहावे, हा त्या प्रदर्शनाचा खरा अर्थ. पुढे अण्णासाहेब शिंदे यांनीही कृषिखात्याचे राज्यमंत्री म्हणून धान्यटंचाईच्या कठीण काळात मोलाची कामगिरी केली.

त्याच सुमारास आपल्या महाराष्ट्रात एक प्रयोग झाला, तो या कथेत महत्त्वाचा आहे. १९५६ साली आकाशवाणीच्या पुणे केंद्राने, युनेस्कोच्या साह्याने, पाच जिल्ह्यांतील दीडशे गावांत रेडिओ शेतकरी मंडळे स्थापन केली. त्या वेळी नभोवाणीखात्याचे मंत्री बाळकृष्ण विश्वनाथ केसकर होते. गावकरी आठवड्यातून दोनदा एकत्र बसत, अर्धा तास कार्यक्रम ऐकत आणि नंतर आपसांत चर्चा करून काय करावयाचे ते ठरवीत. त्यांच्या शंका पुण्यास कळविल्या जात व पुढील कार्यक्रमात त्यांची उत्तरे मिळत. टाटा समाजविज्ञान संस्थेने केलेल्या पाहणीत असे दिसले की, मंडळे असलेल्या गावांतील लोकांचे ज्ञान इतर गावांहून स्पष्टपणे वाढले होते. ब्रेनसाहेब बोलत होता आणि गाव ऐकत होते. पुण्याच्या प्रयोगात गावही बोलू लागले. १९५९ पासून ही मंडळे देशभर पसरली.

जौंती आणि कृषिदर्शन

दिल्लीच्या वायव्य सीमेवर, कंझावलाच्या बाजूस, जौंती नावाचे गाव आहे. १९६४ च्या सुमारास पुसा संस्थेच्या डॉ. एम. एस. स्वामिनाथन व त्यांच्या सहकाऱ्यांनी हे गाव निवडले. मेक्सिकोतून आलेल्या बुटक्या गव्हाच्या वाणांचे बियाणे शेतकऱ्यांनीच आपल्या शेतात तयार करावे, अशी ती कल्पना होती. गावात ‘जवाहर जौंती’ ही बियाणे सहकारी संस्था निघाली आणि जौंती ‘बीजग्राम’ म्हणून प्रसिद्धीस आले. १९६६ साली देशाने मेक्सिकोतून १८ हजार टन बियाणे आणले व हरितक्रांतीस वेग आला, हे सर्वांस ठाऊक आहे. परंतु राजधानीच्या सीमेवरील एका खेड्यातील शेतकरी त्या क्रांतीचे आद्य विद्यार्थी आणि शिक्षकही होते, हे राजधानीतच फार थोड्यांना ठाऊक असते. येथे शिकवण टिकली, कारण तिच्यात गावाचा प्रत्यक्ष लाभ होता आणि काम गावाच्या हाती होते.

२६ जानेवारी १९६७ रोजी दिल्ली दूरदर्शनवर ‘कृषिदर्शन’ सुरू झाले. दिल्लीच्या आसपासच्या ऐंशी गावांत सामुदायिक संच बसविण्यात आले. डॉ. विक्रम साराभाईंची प्रेरणा, अणुशक्ती विभागाचे साह्य आणि पुसाचे ज्ञान यांतून तो कार्यक्रम उभा राहिला. पडद्यावर दिसणारा शेतकरी शेजारच्याच गावचा असे. पुढे १९७२ साली मुंबई केंद्र सुरू झाल्यावर ‘आमची माती, आमची माणसं’ने मराठी घरांत जे केले, त्याचा आरंभ असा यमुनेकाठी झालेला होता.

येथे एक गोष्ट आवर्जून नमूद केली पाहिजे. हरितक्रांतीचा जयजयकार चालू असतानाच, १९६८ च्या जानेवारीत, वाराणसीच्या विज्ञान परिषदेत स्वामिनाथन यांनी स्वतःच इशारा दिला होता. मातीची सुपीकता न राखता केलेली सघन शेती, कीटकनाशकांचा अविचारी वापर, भूजलाचा बेसुमार उपसा आणि अनेक स्थानिक वाणांची जागा एक-दोन वाणांनी घेणे, ही सारी संकटाची बीजे आहेत, असे त्यांनी बजावले. गुणाकार शिकविणाऱ्या गुरूने त्याच दिवशी वजाबाकीही शिकविली होती. विद्यार्थ्यांनी, आणि आम्हां सरकारी मंडळींनीही, अर्धाच धडा पाठ केला.

शेतच गेले

तथापि, शिकविणारे आणि शिकणारे दोघेही ज्याच्यावर उभे होते ती जमीनच पायाखालून सरकत होती. १९११ साली राजधानीची घोषणा झाली आणि रायसीना, मालचा यांसारख्या गावांची शिवारे नव्या दिल्लीत गेली. १९५७ साली दिल्ली विकास प्राधिकरण आले, १९६२ साली बृहत् आराखडा आला. १९७६ साली यमुनेपलीकडे नोएडा जन्मास आले आणि ऐंशीच्या दशकात गुडगावचे रूप पालटू लागले. १९६१ साली दिल्लीत ग्रामीण गणली जाणारी ३०० गावे होती. २०११ च्या जनगणनेत ती ११२ उरली. बाकीची ‘लाल डोऱ्या’च्या आत, उंच इमारतींच्या दाटीत, नावापुरती गावे आहेत. नजफगडजवळ उजवा येथे आणि गुडगावच्या शिकोहपूरला कृषी विज्ञान केंद्रे आजही शेतकऱ्यांना शिकवीत आहेत. पण त्यांच्या भोवतालचे शिवार आकसत गेलेले आहे.

ज्याने शेत घेतले त्या शहराने काय शिकून घेतले? ब्रेनने गावाला केरासाठी खड्डा खणावयास सांगितले होते. आम्ही शहरवासीयांनी गाझीपूरला केराचा डोंगर उभारला. १९८४ पासून साठत गेलेला हा ढीग २०१७ च्या सप्टेंबरात कोसळला आणि त्यात माणसे दगावली. फरिदाबादचा बडखल तलाव, जेथे पूर्वी सहली निघत, तो या शतकाच्या आरंभी कोरडा पडला. आणि यमुनेचे पाणी आपल्या सांडपाण्याने इतके विषारी झाले की, १३ जानेवारी २०१५ रोजी राष्ट्रीय हरित लवादास नदीच्या पूरक्षेत्रात भाजीपाला पिकविण्यास मनाई करावी लागली. नदी नासविली शहराने आणि मळा बंद झाला माळ्याचा. लवादाचा निर्णय ग्राहकाच्या आरोग्यासाठी होता, हे खरे; पण न्यायाचा काटा कोठे झुकला, हे आपण मनाशी कबूल केले पाहिजे.

खड्डा पुन्हा खणावा

आता आमच्याच घरची गोष्ट सांगतो. २०१६ साली घनकचऱ्याचे नवे नियम आले. ओला व सुका कचरा वेगळा करणे घराघरावर बंधनकारक झाले. आमच्या संकुलातही उत्साहाने खतासाठी दोन खड्डे केले गेले. त्या वर्षी आम्ही समितीवर होतो. पत्रके काढली, व्याख्यान ठेवले, कुचराई करणाऱ्यांना नोटिसा दिल्या. पहिले खत निघाले तेव्हा छायाचित्रही काढून घेतले. दोन वर्षांनी आम्ही समितीवरून उतरलो आणि सहा महिन्यांत त्या खड्ड्यांवर फरशा बसल्या. प्रथम राग आला. नंतर ब्रेनचे पुस्तक हाती पडले आणि राग स्वतःकडे वळला. शंभर वर्षांपूर्वी याच जिल्ह्यात एका अधिकाऱ्याने केलेली चूक आम्ही जशीच्या तशी केली होती. घरोघरी ओला कचरा वेगळा करण्याचे काम करणाऱ्या गृहिणींना आणि मोलकरणींना आम्ही काही विचारलेच नव्हते. नोटिसा मात्र पाठविल्या होत्या. जो कचरा उचलून नेई, त्या माणसाचा तर आम्ही विचारही केला नाही.

सरकारी नोकरीत बदली हा नियम आहे. माणूस जातो, फाइल राहते, आणि फाइलने खड्डा खणला जात नाही. त्यासाठी हवी असते ती बदली न होणारी संस्था. अशी संस्था कोणती, याचा विचार करताना आमच्या डोळ्यांपुढे आपले मंडळ आले. या पन्नास वर्षांत किती अध्यक्ष, किती चिटणीस आले आणि बदलून गेले! तरी गणपती बसला नाही असे वर्ष नाही. एकाची बदली भोपाळला झाली तर दुसऱ्याने आरतीचे ताट उचलले. त्यासाठी कोणास नोटीस द्यावी लागली नाही. ब्रेनला जे साधले नाही ते येथे सहज साधले, कारण हे काम सर्वांचे होते.

म्हणून सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने एक लहानशी सूचना नम्रपणे मांडतो. गणेशोत्सवातील निर्माल्यापासून आरंभ करावा. दहा दिवसांची फुले, दूर्वा, पत्री आणि महाप्रसादाच्या स्वयंपाकघरातील भाजीची देठे यांचे इंदूर पद्धतीने थर रचावेत. पुण्याच्या त्या रेडिओ मंडळांप्रमाणे महिन्यातून एकदा बसावे. व्याख्याने कमी, चर्चा अधिक. आणि प्रथम बोलावे ते घरात केर हाताळणाऱ्यांनी. पुसाच्या कृषी मेळ्यास मुलांना घेऊन जावे, उजव्याच्या केंद्रावर एक सहल न्यावी. ज्यांच्या शेतावर आपण राहतो त्या गावातील वृद्धांना एकदा मंडळात बोलावून, येथे पूर्वी काय पिकत होते, विहिरीला पाणी कोठे लागे, हे मुलांना ऐकवावे. ते सांगणारे लोक आता फार दिवस राहणार नाहीत.

आम्ही त्या वृद्ध गृहस्थांना हा बेत सांगितला. ते थोडे हसले आणि म्हणाले, “खत तर तयार होईल, बाबूजी. पण ते घालणार कोठे?” प्रश्न बिनतोड होता. गच्चीतील कुंड्या, संकुलाची बाग, शाळेचे आवार अशी चार ठिकाणे आम्ही सांगितली. त्यांनी मान डोलावली आणि मोहरीचे मूठभर बी आणून देण्याचे कबूल केले. येत्या हिवाळ्यात ते पेरावयाचे आहे.