प्रभातचे पाच भागीदार

१ जून १९२९ रोजी कोल्हापूर शहरी पाच गृहस्थांनी मिळून एक चित्रपटसंस्था स्थापन केली आणि तिला 'प्रभात फिल्म कंपनी' असे नाव दिले. विष्णुपंत दामले, शेख फत्तेलाल, केशवराव धायबर व व्ही. शांताराम हे चौघे कारागीर होते. पाचवे सीतारामपंत कुलकर्णी हे द्रव्यबळाची बाजू सांभाळणारे. चित्रपटाच्या धंद्यात धनिकाने पैसा घालावयाचा, मालक म्हणून मिरवावयाचे आणि कारागिराने महिन्याच्या महिन्यास पगार मोजून घ्यावयाचा, ही त्या काळची सर्वमान्य रीत होती. ज्याच्या हातात कॅमेरा, त्याच्याच हातात मालकी, ही गोष्ट नवी होती. प्रभातचा उदय, तिचा उत्कर्ष आणि तिचा अस्त, या तिन्ही गोष्टींचे मूळ ह्या एका व्यवस्थेत सापडते.

हे चौघेही एकाच गुरूच्या हाताखाली तयार झालेले होते. कलामहर्षी बाबूराव पेंटर यांची महाराष्ट्र फिल्म कंपनी म्हणजे त्या वेळचे एक गुरुकुलच. विलायती कॅमेरा विकत घेण्याची ऐपत नाही, तर तो स्वतः घडवावा, अशी पेंटरांची जिद्द. त्यांचे बंधू आनंदराव यांच्या अकाली निधनानंतर हे काम तडीस नेण्यास दामल्यांचे हात उपयोगी पडले, आणि त्या घरगुती यंत्रावर १९२० साली 'सैरंध्री' तयार झाला. तो पाहून लोकमान्य टिळकांनी पेंटरांना 'सिनेमाकेसरी' ही पदवी दिली. अशा ठिकाणी शिकलेल्या माणसास यंत्राचे भय राहत नाही. शांताराम तेथे पडेल ते काम करीत वर चढले. १९२५ च्या 'सावकारी पाश'मध्ये त्यांनी शेतकऱ्याची भूमिका केली व दोन वर्षांनी 'नेताजी पालकर'चे दिग्दर्शन केले. दामले-फत्तेलाल या जोडीने १९२८ साली 'कर्ण' काढला. परंतु शिष्य कर्तबगार निघाले म्हणजे गुरूचे घर त्यांना अपुरे पडू लागते. चौघे बाहेर पडले.

नव्या संस्थेत कामाची वाटणी जणू स्वभावानेच ठरली होती. दामले यांत्रिक बाजू व पुढे ध्वनिलेखन पाहत, फत्तेलाल देखाव्यांची मांडणी करीत, धायबर छायालेखन सांभाळीत आणि शांताराम दिग्दर्शन करीत. १९२९ चा 'गोपाळकृष्ण' हा त्यांचा पहिला मूकपट. पुढच्याच वर्षी शिवचरित्रावर 'स्वराज्याचे तोरण' तयार झाला. पण स्वराज्य हा शब्दच परकीय सत्तेला खुपला, आणि त्या चित्रपटास 'उदयकाल' हे सोज्वळ नाव घ्यावे लागले. नाव बदलले म्हणून प्रेक्षकांना अर्थ कळावयाचा थोडाच राहणार होता!

इतक्यात पडदा बोलू लागला. अनेक मूकपट संस्था या एका धक्क्याने आडव्या झाल्या. प्रभातकरांनी मात्र १९३२ साली 'अयोध्येचा राजा' हा पहिला मराठी बोलपट काढला. मराठीबरोबर हिंदी आवृत्तीही त्यांनी त्याच वेळी केली. गोविंदराव टेंबे हरिश्चंद्र झाले व दुर्गाबाई खोटे तारामती झाल्या. खानदानी घराण्यातील सुशिक्षित स्त्रीने पडद्यावर यावे, ही त्या काळी घरोघर चर्चेची बाब ठरली. १९३३ मध्ये 'सैरंध्री' रंगीत करण्याचा प्रयत्न झाला, त्यासाठी जर्मनीपर्यंत धाव घेतली गेली, पण रंग साधले नाहीत. त्याच वर्षी संस्थेने कोल्हापूर सोडले व पुण्याच्या पश्चिमेस मोकळ्या माळावर आपला स्टुडिओ उभारला. तेथे तयार झालेल्या 'अमृतमंथन'मध्ये (१९३४) राजगुरू झालेल्या चंद्रमोहनचा एक प्रचंड डोळा पडद्यावर पसरलेला दिसला, आणि तो पाहून आलेली माणसे कित्येक दिवस त्याच एका दृश्याविषयी बोलत राहिली.

पुढची सात-आठ वर्षे म्हणजे प्रभातचे वैभव. तुतारी फुंकणारी स्त्री पडद्यावर दिसली की प्रेक्षक सावरून बसत. १९३६ चा 'संत तुकाराम' दामले व फत्तेलाल यांनी दिग्दर्शित केला. एक ब्राह्मण व एक मुसलमान, लोकांच्या तोंडी 'दामलेमामा' व 'साहेबमामा', अशा दोघांनी मिळून देहूच्या वाण्याचे चरित्र इतक्या साधेपणाने रंगवावे, यात त्यांच्या सहवासाचे सारे सार्थक आहे. विष्णुपंत पागनीस हे तुकाराम झालेले. परंतु जिजाईच्या कष्टाळू, तोंडाळ आणि मायाळू रूपाने गौरीने जे काम केले, त्यानेच तो संत जमिनीवर राहिला, असे म्हणावे लागते. मुंबईत हा चित्रपट वर्षाहून अधिक काळ चालला, आणि १९३७ साली व्हेनिसच्या प्रदर्शनात त्याचा गौरव झाला.

शांतारामांची वाट निराळी होती. १९३७ च्या 'कुंकू'मध्ये ना. ह. आपटे यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीच्या आधारे जरठ-विवाहाचा प्रश्न मांडला गेला. त्यात पार्श्वसंगीत मुळीच नाही. घड्याळाची टिकटिक, रस्त्यावरील गोंगाट, एवढ्यावरच नाट्य उभे राहिले. 'माणूस' (१९३९) व 'शेजारी' (१९४१) हे त्याच जातीचे. पहिल्यात पोलीस शिपाई व एक वेश्या, दुसऱ्यात एक हिंदू व एक मुसलमान म्हातारा!

मात्र मालकी कारागिरांची असली तरी ती पाचांचीच होती, ही गोष्ट दृष्टीआड करता येत नाही. 'कुंकू'तील नीरेचे काम ज्यांनी गाजविले त्या शांता आपटे यांनी १९३९ साली कराराच्या वादावरून स्टुडिओच्या दरवाजाबाहेर उपोषण आरंभिले. आतल्या भागीदारांनी एकेकाळी स्वतःच्या स्वातंत्र्यासाठी गुरूचे घर सोडले होते. आता दाराबाहेर बसलेली नटी तेच मागत होती. या प्रसंगाने पुणेकरांना करमणूक झाली असेल, पण त्यातला प्रश्न करमणुकीचा नव्हता.

भागीदारीत ज्याचे कौशल्य जाईल, तेथे भरून न येणारी पोकळी पडते. धायबर आधीच निघून गेले होते. १९४२ मध्ये शांताराम बाहेर पडले आणि मुंबईस 'राजकमल कलामंदिर' ही आपली एकट्याची संस्था त्यांनी उभारली. प्रभातने १९४४ मध्ये 'रामशास्त्री' काढून जुने तेज पुन्हा एकवार दाखविले. देव आनंद व गुरू दत्त या दोघा तरुणांची मैत्रीही याच आवारात जमली. परंतु १९४५ साली दामल्यांचे निधन झाले, आणि संस्थेचा कणाच मोडला. पुढे कर्ज वाढले, लिलावाची वेळ आली आणि १९५० नंतरच्या पहिल्या काही वर्षांतच कंपनी बंद पडली. पगारदार माणूस गेला तर दुसरा नेमता येतो. भागीदार नेमता येत नाही.

वास्तू मात्र ओस पडली नाही. १९६० साली भारत सरकारने त्याच जागी चित्रपटविद्येची संस्था सुरू केली, आणि १९७४ मध्ये दूरचित्रवाणीचे शिक्षणही दिल्लीहून तेथे आले. जेथे पाच भागीदारांनी आपले बोलपट घडविले, तेथेच दूरचित्रवाणीचे कार्यक्रम तयार करणारी पिढी शिकू लागली. २००३ च्या जानेवारीत त्या आवारातील साठ्यास आग लागली आणि जुन्या नायट्रेट फितींचा मोठा ठेवा, त्यात प्रभातचाही, जळून गेला. दामल्यांचे चिरंजीव अनंतराव यांनी कंपनी बंद पडल्यावर त्या चित्रपटांचे हक्क परत मिळविले होते व प्रती जपल्या होत्या. म्हणूनच आजही 'संत तुकाराम' पाहावयास मिळतो.