‘डीजनरेशन’ या संज्ञेचा अर्थप्रवास : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

इंग्रजीतील ‘डीजनरेशन’ या शब्दासाठी मराठीत सामान्यतः ‘ऱ्हास’ हा प्रतिशब्द योजिला जातो. परंतु या दोहोंत एक महत्त्वाचा भेद आहे. ‘ऱ्हास’ म्हणजे घट होणे. इंग्रजी शब्दाच्या मुळाशी मात्र ‘जेनस’, म्हणजे कुल अथवा वंश, हे लॅटिन पद असून आपल्या कुलाच्या प्रतीवरून घसरणे हा त्याचा मूलार्थ होय. वंशाची ही छटाच पुढे घातक ठरली.

१८५७ मध्ये फ्रेंच मनोविकारतज्ज्ञ मोरेल यांनी या अर्थाची फ्रेंच संज्ञा पिढ्यान्‌पिढ्या वाढत जाणाऱ्या आनुवंशिक विकृतीसाठी योजिली. पुढे मॅक्स नॉर्डाऊ यांनी १८९२ च्या आपल्या जर्मन ग्रंथात हीच कसोटी साहित्य व कलांना लावली आणि इब्सेन, टॉलस्टॉय, वॅग्नर यांच्यावर विकृतीचा शिक्का मारला. १८९५ मध्ये त्याचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध झाले. रोगनिदानाची संज्ञा अशा रीतीने निंदेचे साधन बनली.

नॉर्डाऊ स्वतः वैद्य व ज्यू होते. १९२३ मध्ये त्यांचे निधन झाले. १९३७ मध्ये नाझी राजवटीने त्यांच्याच ग्रंथनामाशी सजातीय विशेषण वापरून म्युनिक येथे ‘अपभ्रष्ट कला’ हे प्रदर्शन भरविले. संग्रहालयांतून जप्त केलेल्या सुमारे ६५० कलाकृती तेथे उपहासार्थ मांडण्यात आल्या. त्यांत शागाल या ज्यू चित्रकाराच्या कृतीही होत्या.

वैद्यकात ऊतींच्या झिजेसाठी ही संज्ञा आजही उपयुक्त आहे. मानवसमूहांविषयी ती योजताना मात्र हा इतिहास विसरता येणार नाही.