खाजनातली खारफुटी

पणजीहून रायबंदरला जाताना रस्त्याकडेची तिवरांची हिरवी दाटी पाहून आपल्याला बरे वाटते. नदीकाठच्या तिवराबाबत ते योग्यच आहे. पण तेच झाड बांधाच्या आत, जुन्या भातशेतात उभे असेल तर ते वेगळी हकिकत सांगते.

खाजन म्हणजे भरतीच्या पाण्यापासून बांध घालून राखलेली जमीन. गोव्यात ती सुमारे १८,००० हेक्टर धरतात. चिखल, पेंढा, बांबू आणि जांभा दगड यांचे बांध, आणि त्यांत बसवलेली मानस. तिची लाकडी दारे भरतीच्या दाबाने आपोआप मिटतात. ओहोटी लागली की आतले पाणी त्यांना ढकलून बाहेर पडते. माणूस रात्रभर जागा राहायला नको! पावसाळ्यात खारे सोसणारा कोरगुट भात, कापणीनंतर मासळी. बांधाबाहेर खारफुटी उभी असे. तिची मुळे गाळ धरीत, लाटेचा जोर मोडीत, आणि गळलेल्या पानांवर सुंगटे-कुर्ल्या पोसत. बाहेरचे झाड आणि आतले शेत एकाच व्यवस्थेचे दोन भाग होते.

ही व्यवस्था गावकरीने चालवली. १५२६ मध्ये आफोंसो मेशियाच्या सनदेत तिचे रिवाज लिहिले गेले. रिवाज मात्र पोर्तुगीजांच्या आधीचे. मानशीवरच्या मासेमारीची पावणी होई आणि बांधांची डागडुजी गावाच्या खर्चाने होई. गावकरीला सोन्याचा मुलामा देण्याचे कारण नाही. वाटा पुरुष वारसांचा, आणि डोक्यावरून चिखल वाहणारे हात बहुधा दुसऱ्यांचे.

म्हणूनच १९६४ चा कूळ कायदा आणि १९७६ ची दुरुस्ती न्यायाचीच होती. कसणाऱ्याला जमीन मिळाली. बांधांची जबाबदारी कुळांच्या संघांकडे आली, पण गावकरीची जुनी शिस्त सोबत आली नाही. भातापेक्षा मासळीत पैसा अधिक, म्हणून कुठे मानस मुद्दाम उघडी राहिली. कुठे खनिजाच्या बार्जांच्या लाटांनी बांध खचले. खारे पाणी आत आले, आणि त्याच्यामागोमाग तिवराचे बी.

आमच्या होमिओपॅथीत लक्षण दडपू नये म्हणतात. शेतातली खारफुटी हे लक्षण आहे. ती तोडून बांध सांधला जात नाही. शिवाय आता ती कायद्याने संरक्षित आहे. चोडणला १९८८ पासून खारफुटीतच पक्षी अभयारण्य आहे, आणि ते हवेच. पण ज्याचे भातशेत पाण्याखाली जाऊन वन झाले, त्या कुळाला ते झाड तोडता येत नाही आणि भातही पेरता येत नाही.

२०११ च्या किनारी नियमन अधिसूचनेने गोव्याची खाजने आणि त्यांच्या कडेची खारफुटी, दोहोंना एकत्र संरक्षण दिले. गावात मानशीची कुजलेली फळी बदलायची, तर त्यासाठी अजूनही कुळांना एकत्र बसावे लागते.