कालबाह्य त्रुटिहाताळणीचे निष्कासन
स्मृतीची मागणी नामंजूर झाल्यास काय करावे याची तजवीज करणारा कर्नेलातील, म्हणजे संगणकप्रणालीच्या गाभ्यातील, मजकूर, ज्या कारणास्तव तो लिहिला गेला ते कारणच उरले नाही म्हणजे, काढून टाकण्याची प्रक्रिया. १९९१ साली लिनस टोरवाल्ड्स यांनी आरंभिलेल्या लिनक्स या कर्नेलात 'केफ्री' हे स्मृती परत करणारे फलन नामंजूर मागणीतून मिळणारा शून्य पत्ता हाती आल्यास स्वतःच निमूटपणे परतते. त्यामुळे 'पत्ता शून्य नसेल तरच केफ्री' ही पृच्छा निरर्थक ठरते, व अशा ओळी 'कॉक्सिनेल' या साधनाने हुडकता येतात. मात्र स्मृतीच्या आठ पानांपर्यंतची मागणी सहसा फेटाळली जात नाही एवढ्याच भरवशावर तिची तपासणी खोडणे सर्वथा अनुचित होय, कारण त्या वहिवाटीला हमीचे स्वरूप नाही. हमी हवी असल्यास मागणीवरच 'नोफेल' हा शेरा मारावा लागतो.