वेलीचा आधार

वेल स्वतःच्या बळावर उभी राहत नाही. म्हणून तिचा इतिहास सांगावयाचा म्हणजे तिच्या आधाराचाही सांगावा लागतो. ज्या गावावरून राजहंसगडास येळ्ळूरचा गड म्हणतात, त्या येळ्ळूरच्या अंगणांतील वेलींविषयी आम्हांस हेच वाटते. शेजारच्या बेळगावचे नाव शिलालेखांत वेणुग्राम असे येते. वेणू म्हणजे कळक. आणि फुलवेलीच्या मांडवास याहून जुना व सोपा आधार आमच्याकडे दुसरा नाही.

वेलींस आपण एकाच नावाने ओळखतो, परंतु त्यांची धरण्याची रीत निरनिराळी असते. १८६५ साली डार्विनने या विषयावर दीर्घ निबंध लिहिला. गोकर्ण आधाराभोवती स्वतःस गुंडाळून चढते. तिला जाड खांब नको, सुतळी किंवा कळकाची कामटी हवी. कृष्णकमळास तणावे फुटतात; आधार सापडताच तणावा स्प्रिंगेप्रमाणे वळतो, त्यामुळे वाऱ्यात वेल हिसकली तरी तुटत नाही. बोगनवेल काट्यांच्या टेकूने रेलते. जाई धड गुंडाळतही नाही व तणावेही फोडीत नाही. तिला मांडवावर पसरून केळीच्या सोपटाने सैल बांधावे लागते. घट्ट बांधल्यास खोड जाड होताना गाठ आत रुतते. हिवाळ्याच्या अखेरीस छाटणी केली म्हणजे नव्या फुटव्यांवर फुले येतात.

या वेलींपैकी आपल्या म्हणून वाटणाऱ्या कित्येक दुरून आलेल्या आहेत. १७६७ साली ब्राझीलच्या किनाऱ्यावर कॉमर्सां या फ्रेंच वनस्पतिज्ञास एक वेल आढळली. तिला त्याच्या जहाजांचे नायक बोगनव्हील यांचे नाव मिळाले. मराठीने त्या नावाच्या शेवटी ‘वेल’ ऐकली आणि ती घरची केली. कृष्णकमळही अमेरिकेचे. तेथील ख्रिस्ती धर्मोपदेशकांना त्यात येशूच्या यातनांची चिन्हे दिसली. आपल्या लोकांना भोवतालच्या तंतूंत शंभर कौरव, पाच पुंकेसरांत पांडव आणि वरच्या तीन टोकांत ब्रह्मा, विष्णू, महेश दिसले.

उलट, आपल्या वेलीही परदेशी ग्रंथांत गेल्या. १६७८ ते १६९३ या काळात आम्स्टरडॅम येथे ‘हॉर्टस मलबारिकस’चे १२ खंड निघाले. त्यात गोकर्णाचे चित्र शंखपुष्पी या नावाखाली आहे. या कामी साहाय्य करणारे रंगभट, विनायक पंडित व आपू भट हे तिघे कोंकणी वैद्य होते. १६७५ मधील त्यांचे नागरी लिपीतील कोंकणी प्रमाणपत्र त्या ग्रंथात छापलेले आहे. गोव्यात म्हार्दोळच्या महालसेच्या देवळात आजही पावसाळ्यात जायांची पूजा बांधतात. मराठी व कोंकणी या भगिनींचे नाते परसातूनही गेले आहे, याचा याहून चांगला दाखला कोणता?

१९५६ साली राज्यांच्या सीमा बदलल्या व येळ्ळूर म्हैसूर राज्यात गेले. अंगणातल्या जाईचे नाव मात्र जाईच राहिले. आम्हांस भय वाटते ते निराळेच. सह्याद्रीच्या रानात कुसर झाडांच्या आधाराने फुलते. झाड तुटले की तीही जाते. गावात जुने घर पाडून अंगणभर काँक्रीट पडते, तेव्हा मांडव पहिल्याने उतरतो. वेलीस कोणी उपटत नाही. तिचा आधार तेवढा काढला जातो. भाषेचेही बहुधा असेच होते. म्हणून ज्याच्या दारी चार हात माती उरली असेल, त्याने येत्या मृगात चार कळक रोवून एक जाई लावावी.