पिरांदेल्लो व प्रेक्षकांची फसवणूक

इ. स. १९२१ च्या मे महिन्यांत रोम शहरांतील व्हाल्ले नाट्यगृहांत लोक नवें नाटक पाहावयास जमले, तेव्हां दर्शनी पडदा आधींच वर गेलेला होता. देखावा नाहीं, सजावट नाहीं, रंगभूमि उघडीबोडकी. थोड्या वेळानें नटवर्ग रोजच्या पोशाखांत आला व तालीम सुरू झाली. इतक्यांत सहा अनोळखी माणसें तेथें येऊन सांगूं लागलीं कीं, आम्हीं एका नाटककारानें कल्पिलेलीं व अर्ध्यावर टाकून दिलेलीं पात्रें आहोंत. आमची कथा कोणीं तरी पुरी करावी.

‘नाटककाराच्या शोधांत सहा पात्रें’ हें त्या नाटकाचें नांव. कोणी टाळ्या वाजविल्या, कोणी ‘वेड्यांचें इस्पितळ!’ म्हणून ओरडले. प्रकरण हातघाईवर आलें. नाटककार लुइजी पिरांदेल्लो यांस कन्येसह बाजूच्या दारानें बाहेर पडावें लागलें. त्याच वर्षीं मिलान येथें मात्र नाटकाचें स्वागत झालें, आणि पुढील दोन वर्षांत तें लंडन, न्यूयॉर्क व पॅरिस येथें पोंचलें.

रोमच्या प्रेक्षकांस राग कां आला? प्रेक्षक पैसे देऊन फसावयासच येतो. पुठ्ठ्याची तलवार व रंगविलेला राजवाडा तो खुशीनें खरा मानतो. त्याची अट एकच: हें खोटें रंगमंचाच्या कडेशीं थांबावें. पिरांदेल्लो यांनीं ती कडच पुसून टाकली. नाटकाच्या अखेरीस एक बालिका हौदांत बुडते, एक मुलगा स्वतःवर पिस्तूल झाडतो. हें खरें कीं सोंग, याविषयीं नटांतच वाद माजतो, आणि निवाडा न होतांच नाटक संपतें.

१९२४ सालीं मिलान येथें झालेल्या ‘ज्याच्या त्याच्या परीनें’ या नाटकांत ते आणखी पुढें गेले. पहिला अंक संपून पडदा पडतो व पुनः उघडतो, तों समोर नाट्यगृहाचेंच बाहेरचें दालन! तेथें प्रेक्षकांचीं सोंगें घेतलेले नट नाटकावरून भांडत असतात. ज्या भानगडीवर नाटक रचलें, तींतील स्त्री प्रेक्षागृहांत आली आहे, अशी कुजबूज होते. दुसऱ्या अंकानंतर ती आंत धांवून जाऊन आपली भूमिका करणाऱ्या नटीस थोबाडींत मारते, आणि खेळ पुढें चालूं शकत नाहीं असें जाहीर होतें. वस्तुतः तिसरा अंक लिहिलेलाच नव्हता. ती स्त्रीहि नटीच, आणि तो गोंधळहि नाटककाराच्या लेखणींतलाच.

ही सारी केवळ चमत्कृति होती, असें श्रोत्यांस वाटण्याचा संभव आहे. पण तिचें मूळ घरच्या दुःखांत होतें. सिसिली बेटांत १८६७ सालीं जन्मलेले पिरांदेल्लो रोम येथें शिक्षिका तयार करणाऱ्या महाविद्यालयांत शिकवीत. १९०३ सालीं वडिलांची गंधकाची खाण पाण्यानें भरली, आणि तींत गुंतविलेला पत्नीचा हुंडा बुडाला. त्या धक्क्यानें पत्नी आंतोनिएत्ता यांचें मन बिघडलें. त्या पतीवर अखंड संशय घेऊं लागल्या. पुढें पोटची मुलगीहि त्यांतून सुटली नाहीं. १९१९ सालीं त्यांस मनोरुग्णांच्या इस्पितळांत ठेवावें लागलें. इतकीं वर्षें एकाच छपराखालीं एका पुरुषाच्या दोन मूर्ति वावरत होत्या: एक त्यास स्वतःस ठाऊक असलेली, दुसरी पत्नीस दिसणारी. आणि पत्नी खोटें बोलत नव्हती. तिला जें दिसे, तें तिच्यापुरतें खरेंच होतें.

म्हणूनच ही फसवणूक जादूगाराच्या फसवणुकीहून निराळी आहे. जादूगार आपली युक्ति लपवितो व टाळ्या घेतो. पिरांदेल्लो युक्ति उघडी करून दाखवितात, आणि तरीहि प्रेक्षक फसला म्हणजे त्यास विचारतात: घरीं गेल्यावर, आपल्याच माणसांविषयीं, तुझी खात्री कितपत पक्की आहे?

१९३४ सालीं त्यांस नोबेल पारितोषिक मिळालें. दोन वर्षांनीं त्यांचें निधन झालें. १९२१ च्या त्या रात्रीं ‘वेड्यांचें इस्पितळ!’ अशी आरोळी ठोकणाऱ्यांस कल्पना नसावी कीं, त्या दोन शब्दांनीं आपण समोरच्या माणसाच्या संसारावरच बोट ठेवलें आहे.